सुपारी फुटेपर्यंत

आजकाल कुणी सुपारी घेतली म्हटलं की ऐकणारा दचकतो. आमच्या वेळी त्या शब्दाला असा वास नव्हता. लग्नाच्या बँडवाल्यांना सुपारी मिळे, तमाशाच्या फडाला मिळे, तशी मला व्हॉलीबॉलची मिळे. महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं होतं, तेव्हापासून पुढची दहा-बारा वर्षं मी बुलढाणा जिल्ह्यात सुपारीवर व्हॉलीबॉल खेळलो. खाली लोणारपासून वर जळगाव जामोदपर्यंत, ज्या गावाला सामना जिंकायचा असे आणि आपल्या पोरांचा भरवसा नसे, ते गाव मला बोलावी. मी काही मोठा खेळाडू नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. मोठे होते ते पोलिसात नाहीतर रेल्वेत लागून नागपूरकडे गेले. मी मागे राहिलो, आणि वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात तसा शहाणा ठरलो.

माझ्याजवळ एकच चीज होती, ती म्हणजे सर्व्हिस. तेव्हाचा बॉल चामड्याचा, आत ब्लॅडर आणि तोंडाशी वादी ओवलेली. ती वादी खाली ठेवायची, तळव्याच्या मनगटाकडच्या टणक भागानं बॉलला मधोमध ठोसा द्यायचा आणि हात जागच्या जागी थांबवायचा. मग बॉल न फिरता जातो, आणि न फिरणारा बॉल हवेत डोलतो. घेणाऱ्याला वाटतं छातीवर येतोय, आणि तो ऐन वेळी गुडघ्यापाशी पडतो. हे मला कुणी शिकवलं नाही. मळ्यात वांग्यांना पाणी देता देता गोठ्याच्या भिंतीवर बॉल मारून मारून ते हातालाच कळलं. म्हशींनी दूध कमी केलं म्हणून वडिलांनी दोनदा बॉल विहिरीत टाकला होता.

सुपारी देण्याची रीत ठरलेली होती. गावात टीम ज्याच्या शब्दात असे तो कारभारी माणूस मला मैदानाच्या कडेला उभा करायचा आणि विचारायचा, "हात-पाय धड हायेत ना?" मी म्हणायचं, "धड." मग उजवा हात खांद्यातून सरळ पुढे करायचा, आणि तो त्यावर अख्खी सुपारी ठेवायचा. ती रुमालाच्या टोकाला बांधायची. सामना संपला की, जिंकलो तरी आणि हरलो तरी, त्यानं अडकित्त्यानं ती फोडायची. अर्धी त्याची, अर्धी माझी. फुटली की मी मोकळा; दुसऱ्या दिवशी त्याच गावाविरुद्ध उभा राहिलो तरी कुणी वाईट मानत नसे. पण फुटेपर्यंत मी त्या गावचा. तोवर मी दुसऱ्या गावाची सुपारी घ्यायची नाही, आणि त्या गावानंही दुसऱ्या खेळाडूला द्यायची नाही. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं असतं तर लोकांनी मोडलंही असतं.

शेवटच्या दोन वर्षांत माझा उजवा खांदा दुखायला लागला. आधी नुसता ठणकायचा, मग सदरा घालताना अडायला लागला. खामगावच्या एका डॉक्टरांनी हात वर-खाली करून पाहिला आणि म्हणाले, आतून घासलंय, हा हात डोक्यावर नेणं बंद करा, नाहीतर एक दिवस खाली येईल तो पुन्हा वर जाणार नाही. मी बाहेर आलो, चहा प्यालो आणि मैदानावर गेलो. त्यानंतर मी खालून हळू सर्व्हिस टाकायचो आणि खरी, डोक्यावरून मारायची, ती नडीच्या वेळेला राखून ठेवायचो. लोक म्हणायचे, गडी आता डोक्यानं खेळतो. मी मिशीत हसायचो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

त्या साली लोणारकडच्या एका गावानं मला बोलावलं. भाजीपाला पिकवणारं गाव, पोरं हाडापेरानं मजबूत, पण इतक्या वर्षांत जिल्ह्याच्या स्पर्धेची ढाल कधी गावात आली नव्हती. त्यांचे कारभारी साठीचे, सडपातळ, पांढरी टोपी, हसणं माहीत नाही. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला पाव्हणे म्हणायचे. ढालीसाठी त्यांनी देवळाच्या भिंतीवर खुंटी आधीच ठोकून ठेवली होती. ती रिकामी खुंटी त्यांनी मला नेऊन दाखवली, तेव्हाच मी काय ते समजायला हवं होतं. हा माणूस कधी खोटं बोलत नसे, म्हणून दुसराही बोलत नसेल असं त्याला वाटे. अशा माणसाशी खोटं बोलणं फार सोपं असतं आणि फार महाग पडतं.

"हात-पाय धड हायेत ना, पाव्हणे?"

"धड," मी म्हणालो.

हात सरळ पुढे केला तेव्हा कळ कानापर्यंत गेली. मी चेहरा हसरा ठेवला आणि सुपारी रुमालात बांधली.

अंतिम सामना मेहकरला, चैत्रात. समोर चिखलीच्या एका कापसाच्या जिनिंगची टीम. पहिला सेट आमचा, दुसरा त्यांचा, तिसऱ्यात आम्ही चौदा आणि ते तेरा. तेव्हा ज्याची सर्व्हिस त्यालाच पॉइंट मिळे, आणि सर्व्हिस माझी होती. आणखी एक पॉइंट मिळाला की पंधरा, आणि खुंटीवर ढाल. मी बॉल हातात घेतला, वादी खाली केली, आणि पश्चिमेकडून वावधान उठलं. धुळीत समोरचं माणूस दिसेना. नेटचा एक खांब मधूनच मोडून पडला, नेट लोकांच्या डोक्यावर. धूळ बसेपर्यंत उजेड गेला. पंच म्हणजे तिथल्या शाळेचे मास्तर. त्यांनी वहीत लिहून घेतलं: कोण कुठं उभा, स्कोअर किती, सर्व्हिस कुणाची. हीच माणसं, हेच आकडे, पुढच्या आठवड्यात इथूनच पुढं, असं ठरलं.

पुढच्या आठवड्यात लग्नाच्या तिथी आल्या. मग नांगरण्या, मग पेरण्या, मग काळ्या मातीचं मैदान चिखलात गेलं. सामना दिवाळीनंतर ढकलला. सुपारी न फुटता रुमालात राहिली, आणि रुमाल आमच्या घरच्या भिंतीतल्या देवळीत.

खरं सांगतो, मला आतून बरं वाटलं. सुपारी अडकलेली, म्हणून दुसरं कुणी बोलावत नव्हतं, आणि हाताला आराम मिळत होता. पण आराम म्हणजे भाकर नव्हे. माझी पस्तिशी आलेली, मळा भावाभावांच्या वाटणीत गेलेला, पदरात दोन मुली. तेवढ्यात चिखलीच्या त्याच जिनिंगच्या मालकांचा निरोप आला: आमच्या पोरांना शिकवायला या. कागदावर मी फाटकावरचा चौकीदार, काम मात्र खेळ शिकवण्याचं, आणि राहायला आवारातच दोन खोल्या. बायको म्हणाली, "आता तरी एका जागी बसा." मी बसलो. पुढं काय वाढून ठेवलंय ते मला दिसत होतं, पण दिवाळी लांब होती. लांबचं संकट मला नेहमीच लहान दिसत आलंय.

जिनिंगच्या टीममध्ये एक पिंजारी होता. गाद्यांचा कापूस पिंजायचा, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, दोन लेकरांचा बाप. दिवसभर पिंजणीच्या तातीचा आवाज ऐकून त्याचा कान असा तयार झाला होता की ठोसा कुठं बसला हे तो डोळे मिटून सांगायचा. "उस्ताद, हा बाजूले लागला," म्हणायचा, आणि लागलेला असायचा बाजूलाच. मी त्याला माझी सर्व्हिस शिकवली. दहा वर्षांत कुणाला दाखवली नव्हती ती एका पावसाळ्यात, कापसाच्या रिकाम्या गोदामात दाखवून टाकली. शिकवताना मला जो आनंद झाला तो जिंकताना कधी झाला नव्हता, हे मला तेव्हाही कळलं आणि थोडा रागही आला.

एकदा मी त्याला सांगितलं, समोरच्या सहांत ज्याचा हात कच्चा, सर्व्हिस त्याच्यावरच मारायची, आणि तो मोडेपर्यंत मारायची.

त्यानं बॉल काखेत धरला. "आन तो आपलाच मानूस असला तर, उस्ताद?"

तो कशाबद्दल विचारतोय ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"मैदानात आपला माणूस नसतो," मी म्हणालो. बोलायला काय लागतं!

दिवाळी झाली. मेहकरहून मास्तरांचं पत्र आलं. जिनिंगच्या मालकांनी मला बोलावून घेतलं. आवाज चढवण्याची त्यांना कधी गरज पडत नसे.

"त्या दिवशी तुम्हाला ताप येऊ द्या."

"मालक, सुपारी फुटली नाही."

"सुपारीचं काय घेऊन बसलात? भाकर कुणाची खाता?"

"तुमची."

"मग?"

माझा राग नाकावर असतो, पण खोल्या त्यांच्या, मुलींची शाळा जवळ. शेवटी तेच म्हणाले, "बरं, जा खेळायला. पण खेळताना विसरू नका." काय विसरायचं नाही ते त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

मेहकरला मी एकटाच एस. टी.नं गेलो. मी शिकवलेली पोरं जिनिंगच्या ट्रकमधून आली. मैदानाच्या एका बाजूला ते, एका बाजूला लोणारकडचं अख्खं गाव बैलगाड्या सोडून आलेलं. एवढी माणसं दोन-चार पॉइंटसाठी! मी मधून चालत गेलो तेव्हा दोन्हीकडची कुजबुज थांबली. आमच्या बाजूच्या एकानं मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं, "खाते तिकडचं आन खेळते इकडून." मी वळून त्याच्याकडं पाहिलं आणि पुढं चाललो, कारण ते खरंच होतं.

काका पुढे आले. माझ्याकडं नीट पाहिलं.

"सुपारी जवळ हाये ना, पाव्हणे?"

मी रुमालाची गाठ दाखवली.

"हात-पाय धड हायेत ना?"

रीतीनं हे एकदाच विचारतात. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. मला आजही वाटतं की ती माझ्यासाठी उघडी ठेवलेली वाट होती. काका, खांदा गेलाय, एवढं म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. त्यांनी दुसरा कुणी उभा केला असता, मी बाहेर बसलो असतो, मालकही खूश. पण मग चैत्रात धड म्हणालो होतो त्याचं काय? दुखऱ्या हातावर सुपारी घेतली हे मला सगळ्या गावासमोर कबूल करावं लागलं असतं. शिवाय मालक पलीकडे उभे. ज्याचा हात चालत नाही तो शिकवणार कसा, असं त्यांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं असतं.

"धड," मी म्हणालो.

काकांनी मान हलवली आणि बाजूला झाले.

मास्तरांनी वही उघडून प्रत्येकाला जागेवर उभं केलं. बॉल माझ्याकडे आला. रेघेमागं उभा राहून मी समोर पाहिलं. सहाच्या सहा माझी पोरं. कोणाचा गुडघा दुखतो, कोण उन्हात बिचकतो, सगळं माहीत. मागच्या डाव्या कोपऱ्यातला गडी डोलणाऱ्या बॉलला भितो, हेही मला माहीत, कारण ती भीती घालवायला मी चार महिने घासत होतो आणि ती गेली नव्हती. सुपारी म्हणत होती, त्याच्यावर मार. चिखलीतल्या दोन खोल्या म्हणत होत्या, नेटमध्ये घाल, हात घसरला म्हण. लोक इतके गप्प होते की बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. मी वादी खाली केली.

आता जे लिहितो ते शपथेवर. मी खरी मारली. डोक्यावरून, पूर्ण हातानं, वर्षभर राखून ठेवलेली. ठोसा मधोमध बसला हे आवाजावरून कळलं, आणि त्याच क्षणी खांद्यात काहीतरी कट् करून सुटलं. ओल्या दोरीचा पीळ तुटावा तसं. हात आपणहून खाली आला आणि मांडीला येऊन लागला.

बॉल डोलत निघाला तो बरोबर मागच्या कोपऱ्याकडे. तो गडी जागच्या जागी थिजला. पण पिंजारी बॉल सुटायच्या आधीच हलला होता. माझा उस्ताद कुणावर मारणार हे त्याला ठाऊक होतं. मीच शिकवलं होतं. धावत मागे गेला, गुडघ्यावर बसला, दोन्ही मनगटं जोडली आणि बॉल उचलला. त्यांच्या उंच पोरानं तो आमच्या मधल्या जागेत ठोकला. पॉइंट नाही, पण सर्व्हिस त्यांच्याकडे गेली. जागा फिरल्या आणि सर्व्हिसला आला तो पिंजारीच.

चौदा-तेरा. त्यानं बॉल हातात फिरवून वादी शोधली आणि खाली केली. मग माझ्याकडे पाहिलं. माझा हात मांडीशी लोंबत होता. त्याला तो दिसला, हे मला दिसलं.

पहिली सर्व्हिस माझ्याच अंगावर. मी डावा हात घातला, बॉल बाहेर लोकांत गेला. चौदा-चौदा. आमच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "उजवा काहाडा ना, पाव्हणे!" काढायला तो होता कुठं? दुसरी पुन्हा माझ्यावर. मी अंग मध्ये घातलं, बॉल छातीला लागून नेटखाली पडला. चौदा-पंधरा. दोनचा फरक पडेपर्यंत संपत नसे, म्हणून अजून एक. पिंजाऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं की ऊन, सांगता येत नाही. मी त्याच्याकडे पाहून मान हलवली. मार, एवढंच म्हणायचं होतं मला. तिसरी माझ्याच माथ्यावर आली, माझीच सर्व्हिस, गोठ्याच्या भिंतीवर शिकलेली, डोलत, न फिरता. किती सुंदर होती ती! मी उभाच राहिलो. बॉल माझ्या पायाशी पडला.

मग एकदम गलका झाला. "हातच नाही उचलला! पाह्यलं का, हातच नाही उचलला त्यानं!" हे वाक्य मी पुढं वर्षभर ऐकलं, बाजारात, एस. टी.त, पाठीमागून. वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

जिनिंगचे मालक आले आणि माझ्या पाठीवर थोपटलं, नेमकं उजव्या खांद्यावर. "काम केलंत," म्हणाले. मला त्यांच्या तोंडावर सांगावंसं वाटलं की मी तुमचं काही काम केलेलं नाही. कळ इतकी आली होती की दात उघडेनात. नंतर मात्र दात उघडत होते आणि तरीही मी सांगितलं नाही. हे मात्र माझं पाप. दिवाळीच्या पुढच्या महिन्यात मला कायम केलं. न केलेल्या लबाडीचं बक्षीस मी मुकाट घेतलं आणि त्यावर मुली वाढवल्या.

सामना संपल्यावर मी रुमाल घेऊन काकांकडे गेलो, डाव्या हातात धरून. अडकित्ता त्यांच्या बंडीच्या खिशात होता. त्यांनी तो काढला नाही.

"हे फोडाची नाही," ते म्हणाले. आवाज शांत होता, म्हणून जास्त लागला. "फोडली म्हंजे तुमी मोकळे. मी तुमाले मोकळं करत नाही. ठेवा जवळ, आन पाहत जा तिच्याकडे."

गाड्या जुंपल्या आणि गाव निघून गेलं. ज्याची सुपारी फुटलेली नाही त्याला दुसरं गाव विचारत नाही. माझा खेळ त्या दिवशी संपला, आणि तो खांद्यानं संपवला की काकांनी, हे त्या मैदानावर फक्त दोघांना माहीत होतं. एक मी, दुसरा पिंजारी.

त्याच संध्याकाळी तो माझ्या खोलीवर आला. गरम केलेला कापूस फडक्यात बांधून आणला होता. खांद्यावर ठेवताना म्हणाला, "दुसऱ्या सर्व्हिसले समजलं मले, का तुमचा हात गेला."

"मग तिसरी?"

"तुमीच सांगतलं होतं, उस्ताद. मोडेपर्यंत माराची." आणि तो माझ्यासमोर लहान लेकरासारखा रडला. मी त्याला शिवी दिली आणि म्हटलं, बेट्या, दुसरीकडं मारली असतीस तर उद्यापासून तुला शिकवलं नसतं. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटत होता आणि त्याला दोन थोबाडीत द्याव्या असंही वाटत होतं. त्याच्याकडून वचन घेतलं की हाताचं कुणाला बोलायचं नाही. त्यानं ते पाळलं. वर्षभर मी शिटी डाव्या हातात धरून शिकवलं, आणि दाखवायचं असलं की म्हणायचो, "दाखव रे तू." पोरांना वाटायचं उस्ताद आता मोठा माणूस झाला, स्वतः हात मळवत नाही. जेवताना फक्त बायकोला दिसायचं.

वर्ष उलटून दुसरी संक्रांत झाल्यावर, एका दुपारी, मी जिनिंगच्या मैदानाकडेच्या बाकावर बसलो होतो. फाटकातून काका आत आले. धूळभरलेले, एस. टी.तून उतरून थेट. मी उठून उभा राहिलो, पाणी मागवतो म्हटलं.

"पानी नोको." ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले, मध्ये दोन माणसांची जागा सोडून. "आमच्या पोट्ट्याइले नवा गडी आनाचा हाये. जुनी फुटल्याबगर नवी देता येत नाही. म्हनून आलो, नाहीतर आलो नसतो. हाये का ती?"

सुपारी माझ्या खिशातच होती. पाहत जा म्हणाले होते, म्हणून मी ती घरी ठेवत नव्हतो. डाव्या हातानं काढून दिली. त्यांनी अडकित्ता काढला. वर्ष उलटलेली सुपारी, दोनदा दाबूनही दाद देईना. तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी दाबली तेव्हा फुटली. एक तुकडा त्यांनी स्वतःकडे ठेवला आणि दुसरा माझ्याकडे न पाहता पुढे केला.

मी डावा हात पसरला.

आता त्यांनी पाहिलं. वर्षभराचा राग एकदम वर आला. "डाव्या हातानं घेता? एवढीबी रीत उरली नाही? इतली तरी लाज ठेवा!"

मी काय करणार होतो? डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरलं आणि उचलला. तो बेंबीपर्यंत आला आणि तिथं थांबला. मी अजून जोर लावला, घाम फुटला, पण हात वर येईना. मी तसाच धरून उभा राहिलो.

काका त्या हाताकडे बराच वेळ पाहत होते. पलीकडे पिंजारी पोरांना सर्व्हिस दाखवत होता, ठोशांचे आवाज येत होते.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

"त्या दिवसापासून. शेवटची सर्व्हिस मारली तेव्हापासून."

"आन त्याच्या आंधी?"

इथं मी अजून एकदा खोटं बोलू शकलो असतो. "आधीही दुखत होता, काका. चैत्रात सुपारी घेतली तेव्हाही. तुम्ही दोनदा विचारलंत, मी दोनदा धड म्हटलं."

त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "म्हंजे खोटं तर तू बोल्लाच."

"बोललो."

"पन आमी समजत होतो, ते नाही."

"नाही."

"मंग काऊन नाही सांगतलं बे? सारं गाव तुले चोर म्हनत राह्यलं. मी म्हनत राह्यलो."

मी मान खाली घातली. काका उठून माझ्याजवळ आले. आपला तळवा त्यांनी माझ्या उजव्या कोपराखाली घातला आणि हात सावकाश वर नेला, सुपारी घेताना जिथं असायला हवा तिथपर्यंत, खांद्यातून सरळ. कळ डोक्यात गेली. मी हूं की चूं केलं नाही. त्यांनी सुपारीचा तुकडा माझ्या तळव्यावर ठेवला आणि माझी बोटं मिटेपर्यंत कोपर सोडलं नाही.

मग आम्ही बाकावर बसलो, शेजारी शेजारी. त्यांनी आपली अर्धी तोंडात टाकली, मी माझी. दगडासारखी टणक होती. त्यांचे दात थोडे, माझे सगळे, पण चावत दोघांनाही नव्हती. बराच वेळ नुसती गालात धरून बसलो. मी मोकळा झालो होतो, आणि आता कुठल्याही गावाकडून खेळायला माझी हरकत नव्हती.

काकांनी घसा खाकरला.

"पानी आन बे," ते म्हणाले.